दुसरी क्लचप्लेट

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

गाडी आली.

सव्वीस वर्षं रसायनीच्या कंपनीत शिफ्टचं लॉगबुक लिहिलं. गेल्या वर्षी व्हीआरएस घेतली तेव्हापासून संध्याकाळ झाली की हाताला चुकल्यासारखं होतं. ऋतिकाने ही डायरी आणून दिली होती, म्हणाली, बाबा, आता घरातलं लॉगबुक लिहा. घरात लिहिण्यासारखं काही होत नव्हतं म्हणून कोरीच पडली होती. आज झालं.

गाडी माझ्या साडूची, किरणची. छायाच्या धाकट्या बहिणीचा, बायजाचा, नवरा. कर्जतला दहिवलीत विटा-रेतीचा धंदा करतो. त्याने नवी घेतली, जुनी मला दिली. डिझेल, सात सीटर, नऊ वर्षांची. साडेपाच लाखांत. पनवेलचा एजंट त्याला सहा देत होता म्हणे. किरण म्हणाला, बाहेर देण्यापेक्षा घरात राहूद्या.

चावी देताना त्याने पाढा वाचला. मागचा एसी नीट गार करत नाही, कॉइल बघून घ्या. खालचे बुश वर्षभरात करावे लागतील. क्लचप्लेट जानेवारीतच नवी टाकलीय, तिची चिंता नको. मी अर्धं ऐकलं, अर्धं सोडलं. सणाच्या दिवशी वस्तूची खोट कोण ऐकत बसतो.

दहिवलीहून घरी लोधिवलीपर्यंत मीच चालवली, किरण शेजारी. लग्नाआधी मामाच्या वीटभट्टीवर मी वर्षभर टेंपो चालवला होता. हात विसरत नाहीत. चौकच्या अलीकडे किरण म्हणाला, "दादा, तो पाय जरा..." तेवढ्यात समोर म्हशी. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी. म्हटलं, बघितलंस? पाय पेडलवर तयार ठेवला की असं होतं. तो नुसता हसला.

छायाने गाडीला ओवाळलं. सव्वीस वर्षं फर्स्ट, सेकंड, नाइट करत तिला मी कुठेही नेलं नाही. दर वेळी पुढच्या वर्षी. आता पुढचं वर्ष आलं, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "आधी दारातून नीट बाहेर काढा. तुळशीला लागेल."

१२ एप्रिल, शनिवार

मागचा एसी म्हणजे नुसता पंखा. छायाला आणि तिच्या बचतगटातल्या दोघींना खालापूरला बँकेत नेलं. मागे बसलेल्या बाई उतरल्या त्या घामाने निथळत. म्हणाल्या, यापेक्षा रिक्षा बरी, निदान वारा तरी लागतो.

चौकला ओमकारचं गॅरेज आहे. पोरगा तिशीतला, बोलघेवडा, एका वेळी तीन गाड्यांची बॉनेटं उघडी ठेवतो आणि चौथ्या माणसाशी बोलतो. म्हणाला, कूलिंग कॉइल लीक आहे. गॅस धरून साडेअकरा हजार. आख्खा डॅशबोर्ड उतरवला. परत बसवल्यावर त्यातून एक करकर आवाज यायला लागला, तो आधी नव्हता. त्याबद्दल विचारलं तर म्हणतो, बसेल हळूहळू.

किरणने हे सांगायला हवं होतं.

२६ एप्रिल, शनिवार

गेल्या आठवड्यात गाडीने पिकअप सोडला. खोपोलीहून येताना ट्रक, टँकर, अगदी भाजीचा टेंपोसुद्धा मला ओलांडून गेला. मागून काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज.

ओमकारने आधी सांगितलं, ईजीआर, म्हणजे धुराचा व्हॉल्व्ह, चोकप झालाय. साफ केला, साडेतीन हजार. गाडी तशीच. तीन दिवसांनी परत गेलो तर म्हणतो, टर्बोचा होज फाटलाय. म्हणजे नळी. एक रबरी नळी, बेचाळीसशे रुपये. मी म्हटलं, मग ईजीआरचे पैसे परत दे. तो म्हणाला, "काका, ईजीआर पण घाण होताच ना. साफ झाला तर वाईट काय झालं?"  आमच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सवाले अस्सेच बोलायचे.

ऋतिकाला गाडी शिकायची आहे. खोपोलीत एका बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथे नाव घातलंय. मी म्हटलं, घरात गाडी असताना पैसे देऊन कशाला शिकायचं, मी शिकवतो. एकदा मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या रस्त्यावर बसवली. म्हटलं, डावा पाय क्लचवरून हलवायचा नाही. ती म्हणाली, "पण मॅडम म्हणतात..." मी म्हटलं, मॅडमनी टेंपो चालवलाय का? तिने गाडी बंद केली आणि खाली उतरली. हल्लीच्या मुलांना जरा बोललेलं खपत नाही.

११ मे, रविवार

कार्ल्याला एकविरेला गेलो. गेलो म्हणजे निघालो.

घाटात मुंगीच्या चालीने गाड्या. सुट्टीचा रविवार, आख्खी मुंबई लोणावळ्याला. हातभर सरकायचं, थांबायचं. चढावर मागे घसरू नये म्हणून मी गाडी ब्रेक न लावता नुसत्या क्लचवर तोलून धरत होतो. टेंपोच्या वेळचं कसब. छायाला म्हटलंही, बघ, जराही मागे जात नाही. शिंग्रोबाच्या पुढे वास आला. जळक्या रबरासारखा, नाकात जाऊन बसणारा. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग बॉनेटच्या बाजूने धूर दिसला. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर.

भर उन्हात दोन तास. येणारा जाणारा खिडकीतून डोकावून म्हणतो, क्लच गेला. मला दिसत नाही काय.

टोइंगचे सहा हजार. छाया क्रेनवाल्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून आली, मांडीवर ओटीची पिशवी. नारळ तसाच परत. तिने एका शब्दाने मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला ओरडता आलं असतं.

१३ मे, मंगळवार

ओमकारने प्लेट काढून हातात दिली. काळी पडलेली, गुळगुळीत, कडेने कोळसा. म्हटलं, ही जानेवारीत टाकलेली नवी प्लेट आहे. तो म्हणाला, नवी असेलही. अर्धा क्लच दाबून चालवली की नवी काय, जुनी काय, जळतेच. मग त्याने विचारलं, "गाडी कोण कोण चालवतं?"

म्हटलं, मी एकटाच. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

तो "बरं" म्हणाला आणि पाना शोधायला लागला. 

प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी. सत्तावीस हजार. मी रस्त्यावर उभं राहून विचार केला. दीड महिन्यात नवी प्लेट जळत नाही. म्हणजे एक तर किरणने नवी टाकलीच नाही, किंवा टाकून त्यानेच जाळली आणि मग माझ्या गळ्यात मारली. तिसरं काही असू शकत नाही.

१४ मे, बुधवार

दहिवलीला गेलो, मोटारसायकलवर. जळकी प्लेट पिशवीत.

किरण ओट्यावर बसून हिशेब करत होता. मी प्लेट त्याच्यासमोर टाकली. म्हटलं, ही तुझी नवी प्लेट. तो आत गेला, फाइल आणली, जानेवारीचं बिल दाखवलं. पार्टचा नंबर, तारीख, शिक्का. मी म्हटलं, तुझ्या धंद्यात बिलं कशी बनतात ते मला सांगू नकोस.

हे मी बोललो. बायजा दारात चहाचे कप घेऊन उभी होती.

किरणने प्लेट उचलून उलटीपालटी करून बघितली. तो चिडेल असं मला वाटलं होतं. म्हणाला, "दादा, तुमाला जे वाटतंय ते वाटूद्या. पैसे किती झाले सांगा, मी देतो." पैसे देतो म्हणजे चूक कबूल, दुसरं काय. मी म्हटलं, पैसे नकोत, माणूस ओळखला तेवढं पुरे. चहा न घेता निघालो.

घरी आल्यावर छायाला सगळं सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती. "अहो, पण तुमचा पाय..." मी म्हटलं, तुला गाडीतलं काय कळतं? ती उठून पापड वाळत घालायला गेली.

८ जून, रविवार

बायजाच्या मुलीचा, अपेक्षाचा, आज साखरपुडा. मी गेलो नाही. छायाला म्हटलं, तुला जायचं तर जा, तुझी भाची आहे. गाडी दारात उभी असताना ती आणि ऋतिका सहाआसनी पकडून गेल्या. चौकच्या नाक्यावर ज्याने त्याने विचारलं असणार.

दिवसभर घरी होतो. गाडी धुतली. खालून बघितली. करकर आवाज डॅशबोर्डाच्या कुठून येतो ते शोधलं, सापडला नाही.

दोघी संध्याकाळी आल्या. छायाने पेढे समोर ठेवले. मुलगा बदलापूरचा, बँकेत आहे, एवढंच सांगितलं. ऋतिका म्हणाली, सगळे तुम्हाला विचारत होते. मी विचारलं, किरण काय म्हणाला? ती आईकडे बघून म्हणाली, काका काहीच म्हणाले नाहीत.

म्हणेल कुठल्या तोंडाने.

१९ जुलै, शनिवार

चौक-कर्जत रस्ता आता रस्ता उरलेला नाही. पाणी भरलं की खड्डा आणि डांबर सारखंच दिसतं. पुढून खडखड, वळताना कटकट. लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, दोन्ही बाजू. अठरा हजार. वर अलाइनमेंट वेगळी. ओमकार म्हणतो या मॉडेलला हे होणारच, वजन जास्त आहे. या मॉडेलला मागचा एसी होणारच, होज फाटणारच, बुश जाणारच. मग या मॉडेलला टिकणारं असं काय आहे, विचारलं. म्हणाला, "इंजिन एक नंबर हाय, काका."

याच्याबद्दलही किरणने सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? पाडव्याच्या गडबडीत कोणाला आठवतं.

व्हीआरएसच्या पैशातून ऋतिकाच्या लग्नासाठी बाजूला ठेवले होते, त्याला हात लावावा लागला. छायाला अजून बोललो नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायजा गौरीला आली नाही. दर वर्षी दोघी बहिणी पहाटेपासून स्वयंपाकघरात, आणि त्यांच्या बोलण्याने घरात कोणाला झोपायची सोय नसते. या वर्षी छायाने एकटीने सगळं केलं. पुरण, भाज्या, वडे. घर शांत होतं. शांतता मला आवडायची असं मी समजत होतो.

दुपारी ती मागच्या पडवीत फोनवर बोलत होती, हळू आवाजात, हसत. मी गेलो तर फोन ठेवला. बचतगटाची कोणीतरी असेल.

ऋतिकाला लायसन मिळालं. पहिल्याच फटक्यात. म्हणाली, बाबा, एकदा मी चालवू? म्हटलं, या गाडीचा भरवसा नाही, तुझ्या हातात काही झालं तर लोक तुला नावं ठेवतील. ती म्हणाली, "तुमच्या हातात झालं तर कोणाला ठेवतात?" उद्धट नव्हती बोलली. खरंच विचारत होती. मी म्हटलं, किरणला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

परत.

परत क्लच. चौथ्या गिअरला इंजिन पळतंय, गाडी नाही. चार महिने झाले फक्त. गॅरेजमध्ये जाऊन ओमकारला चार माणसांत सांगितलं की तू डुप्लिकेट माल टाकलास. तो पहिल्यांदाच चिडला. म्हणाला, पार्ट कंपनीचा आहे, डबा ठेवलाय, दाखवतो. "काका, मी बोललो तर तुमाला राग येईल. पण माझ्या कामावर बोट ठेवू नका." बोल म्हटलं तर नुसता हात पुसत राहिला.

एक विकणारा चोर. एक दुरुस्त करणारा चोर. सगळे आपल्यालाच कसे भेटतात.

घरी येऊन जाहीर केलं, गाडी विकायची. छाया म्हणाली, विका. इतक्या पटकन म्हणाली की मला जरा वाईट वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

गिऱ्हाईक आलं. नेरळचे पदूशेठ, पेंढ्याचा व्यापार. साठीचे, पांढरा शर्ट, दोन्ही हातांत अंगठ्या. स्वतःच्या चार गाड्या आहेत, पाचवी सुनेला हवी आहे. गाडीभोवती फिरले, टायर बघितले, खाली वाकले, बॉनेट उघडून इंजिनाला कान दिला. म्हणाले, चला, एक चक्कर मारू. आधी तुम्ही चालवा, मी ऐकतो, मग मी चालवतो.

छाया आणि ऋतिकालाही मागे बसवलं. म्हटलं घरातली माणसं बसलेली दिसली की गाडी घरगुती वाटते.

जुन्या हायवेवरून चौकपर्यंत गेलो, वळून परत. पदूशेठ मधून मधून खाली बघत होते. मला वाटलं मॅट बघतायत. परत दारात आल्यावर मी इंजिन बंद केलं. ते म्हणाले, "दादा, गाडी चांगली हाय. तुमचा तो डावा पाय तेवढा खाली ठेवत जा."

म्हटलं, म्हणजे?

"निघाल्यापासून क्लचवर हाय तो. पार चौकपर्यंत जाऊन आला, पण खाली टेकला नाय. प्लेट जळणार नाय तर काय हुईल? चांगली गाडी मारताय तुमी."

अगदी सहज बोलले. शेंगदाणे खाता खाता बोलावं तसं. मी आरशात बघितलं. छाया खिडकीबाहेर बघत होती. ऋतिकाने मान खाली घातली होती. दोघींपैकी एकीलाही नवल वाटलं नव्हतं.

पदूशेठनी मग स्वतः चालवली, क्लचच्या खर्चाचे कापून भाव सांगितला. बरा भाव होता. मी म्हटलं, कळवतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

काही नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी छायाला विचारलं, तुला माहीत होतं?

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, हो.

कधीपासून?

"तुमी किरणभाऊंच्या ओट्यावर ती प्लेट टाकून आलात ना, त्याच दिवशी. बायजाचा फोन आला होता. त्या दोघांनी सांगितलं."

म्हणजे ते फोनवर बोलत होते. पाच महिने. गौरीच्या दिवशीही. मी विचारलं, आणि मला कोणी का नाही सांगितलं?

तिने ताट बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघून बोलली, आवाज न चढवता. "मी सांगायला आले तर तुला काय कळतंय. पोरीने सांगितलं तर मॅडमनी टेंपो चालवलाय का. तो ओमकार बोलू बघतो तर तो चोर. सांगायचं कोणी, आणि ऐकणार कोण होतं?"

मग म्हणाली, किरणभाऊ गाडी परत घ्यायला तयार होते. सगळे पैसे देऊन. जूनमध्येच. मीच नको म्हटलं.

का?

"त्यांनी परत घेतली असती तर तुमी जन्मभर म्हणाला असता, बघ, चोर होता म्हणून घेतली. माझ्या बहिणीच्या घराला ते नाव मला लागू द्यायचं नव्हतं."

 मळ्याच्या बाजूला जाऊन आलो. राग येत होता, पण कोणाचा ते ठरवता येईना. पाय चुकत होता तो चुकत होता, माणसाचा चुकतो. पण बायको, मुलगी, साडू, मेहुणी, गॅरेजवाला, सगळ्यांना ठाऊक. मी गाडी घेऊन निघालो की ही सगळी माणसं माझ्या पायाकडे बघत असणार आणि गप्प बसत असणार. लहान पोराला हरू देत नाहीत तसं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मोहोपाड्याच्या कॉलनीत गेलो. आमच्या जुन्या क्वार्टर्सच्या मागचा रस्ता, तिथे आता कोणी राहत नाही. डावा पाय खाली ठेवून चालवून बघितली. बघताना ठीक. लक्ष जरा दुसरीकडे गेलं की पाय आपोआप वर. मी ठेवलेला नसतो, तो जातो. सव्वीस वर्षं व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा होतो, काही बिघडलं तर तयार असावं म्हणून. तीच खोड पायात उतरली असेल. किंवा ही पण माझी सबब असेल.

येताना ओमकारकडे थांबलो. म्हटलं, डुप्लिकेट नव्हता माल. तो म्हणाला, माहितीय. मग म्हणाला, या वेळी मजुरी घेत नाही. म्हटलं, मजुरी घे. पण तो डॅशबोर्डचा आवाज काढ, तो तुझाच आहे. तो जोरात हसला. म्हणाला, हो, तो माझाच.

पदूशेठना फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दहिवलीला गेलो. तिघेही, गाडीने. क्लच नवा, पुन्हा सत्तावीस हजार गेले, ते लिहायचं म्हणून लिहितो.

वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो. किरण, माझं चुकलं. किरण, झालं गेलं विसर. काहीही नीट वाटेना. पोचलो तर तो खळ्यावर होता, भात झोडणी चालू. मला बघून आला, हात पंच्याला पुसत. छाया आणि ऋतिका आत गेल्या. आतून बायजाचा आवाज आला, मग दोघींचा एकदम, मग काहीच वेगळं ऐकू येईना.

मी म्हटलं, तुझं बिल खरं होतं.

तो म्हणाला, हो.

म्हटलं, मी जे बोललो ते तुझ्या दारात बोललो, बायजासमोर. आता तिच्यासमोर हे बोलायला आलोय.

तो पेंढ्यावर बसला. मीही बसलो. तो नखाने एक काडी सोलायला लागला. म्हणाला, "दादा, तुमी एकट्यानेच घेऊ नका सगळं. मला पाडव्याच्या दिवशीच दिसलं होतं. घरापर्यंत मी तुमच्या शेजारीच बसलो होतो. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं."

म्हटलं, मी मोठा म्हणून?

"त्ये पण. पण खरं सांगायचं तर, नव्या गाडीचा हप्ता सुरू झाला होता. म्हटलं आत्ता काही बोललो आणि दादांनी मन बदललं तर? पैसे हातात पडल्यावर सांगू. मग तुमी प्लेट घेऊन आलात, आणि मग कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून म्हटलं, बोला, काय बोलायचं ते बोला."

हे ऐकून मला बरं वाटलं. नको वाटायला, पण वाटलं. पाच महिने मी त्याला चोर समजत होतो, पाच दिवस देवमाणूस समजत होतो. दोन्हीचा त्रास होत होता. आता तो परत किरण झाला.

म्हटलं, मग निम्मे पैसे दे.

तो म्हणाला, पहिल्या प्लेटचे निम्मे देतो. दुसरीचे नाय. दुसरी तुमची.

यावर आम्ही बऱ्यापैकी भांडलो. बायजाने चहा आणला. मी तिला म्हणालो, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. ती म्हणाली, "भावोजी, चहा घ्या आधी. त्या दिवशीचा मला ओतून टाकावा लागला होता." आणि आत निघून गेली. पदराने डोळे पुसताना दिसली, किंवा भाताची धूळ असेल.

जेवूनच निघायला लावलं. अपेक्षाच्या लग्नाचं ठरलंय, फेब्रुवारीत. वऱ्हाड न्यायला गाड्या लागतील, किरण म्हणाला, तुमची धरतोय मी.

परत येताना छाया मागे बसली आणि दहिवली मागे पडायच्या आधीच झोपली. ऋतिका पुढे, माझ्या शेजारी. मी तिला म्हटलं, आता तरी बघून सांगत जा. ती म्हणाली, खरंच सांगू? चिडणार नाही? म्हटलं, चिडेन. पण सांग.

थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, पाय."

मी खाली ठेवला.

पुलावर परत म्हणाली, "बाबा, पाय." वळणावर परत. एक रिक्षावाला मध्ये घुसला तेव्हा परत. आधी हळू म्हणत होती, घाबरत. मग सवयीने. मग हायवेला लागताना फोनमध्ये बघत, मान वर न करता. एकदा माझा पाय खालीच होता तरी म्हणाली आणि त्यावरून आमची वादावादी झाली, एवढी की छाया जागी झाली. तिने विचारलं, काय चाललंय? आम्ही दोघे एकदम म्हणालो, काही नाही, झोप.

चौकपर्यंत डोकं फिरायची वेळ आली होती. गाडी बाजूला घेतली, उतरलो, आणि चावी तिच्या हातात दिली. म्हटलं, चालव, बघू तुला किती येतं.

डाव्या बाजूला बसलो. तिने आरसा सरळ केला, पट्टा लावला, मागे बघितलं आणि गाडी रस्त्याला घातली. मी तिच्या पायाकडे बघत होतो. लोधिवलीपर्यंत बघत होतो. चूक सापडली असती तर लगेच बोललो असतो.